कावळ्याला पाच तारे

नाही, सुरुचीताई, तो शेरा मी काढणार नाही. तुम्ही बसा ना, उभ्या का — त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, भिंतीला टेकवून बसा, मग डुगडुगत नाही. शिवाजी पार्कवरून लालबागला आलात, एवढे जिने चढलात, ते माझी एक ओळ पुसायला. आलात ते बरं वाटलं. चहा घ्या. पण ओळ राहील. रागावून नाही बोलत मी, रागावलो की माझा आवाज उलट बारीक होतो — माझी बायको, मीराबाई, असती तर तिने सांगितलं असतं तुम्हाला.

मला शाळा नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. म्हटलं, बाई, वाचता येत नाही, लिहिता येत नाही, तुमच्या ब्लॉगच्या स्पर्धेत चालेल का? तुम्हीच म्हणालात, काका, फोनमध्ये बोला, फोन लिहून घेतो. आणि फोनमधली ती बाई वाचूनही दाखवते. तर दर आठवड्याला तुम्ही विषय देता, मी बोलतो, गोष्ट वर चढते, आणि मग तुमचा तो नियम — ज्याने गोष्ट दिली त्याने दुसऱ्यांच्याही वाचायच्या, तारे द्यायचे, खाली शेरा द्यायचा, आणि रविवारी निकाल लागेपर्यंत लिहिणाऱ्याचं नाव झाकलेलं, शेरा देणाऱ्याचंही झाकलेलं. नियम चांगला आहे. नाव झाकलं की माणूस खरं बोलेल, असं वाटलं असेल तुम्हाला. बोलतात का? जिथे बघावं तिथे पाच तारे आणि 'अप्रतिम'. शिळ्या भातालाही अप्रतिम. कारण आपल्यालाही कोणीतरी अप्रतिम म्हणावं — हळदीकुंकवाच्या वाणासारखं आहे ते, तू मला दे, मी तुला देते. मला एकाने लिहिलं, परिच्छेद पाडा, श्वास घ्यायला जागा नाही, दोन तारे. आता मी एका दमात बोलतो त्याला मी काय करू? पण रडलो का मी? हे पुसा म्हणून तुमच्या दारात आलो का?

तर ह्या आठवड्याचा विषय बाप. आणि माझ्या वाट्याला ती गोष्ट आली. गिरणीतला बाप, मरायला टेकलेला, मुलगा उशाशी, बाप त्याचा हात हातात घेऊन प्राण सोडतो. मग दहावा. पिंड ठेवलाय आणि कावळा काही शिवत नाही, सगळे ताटकळलेत, ऊन चढलंय — मग मुलगा पुढे होतो, हात जोडतो, म्हणतो, बाबा, आईकडे मी बघेन. लगेच कावळा खाली. तुमचा अख्खा ब्लॉग रडला. कोणी लिहिलं, डोळ्यांपुढे अक्षरं दिसेनात, कोणी लिहिलं, शेवटाने जीव घेतला. पाचच्या पाच तारे.

फोनमधल्या बाईचं एक बरं आहे, ती रडत नाही. बाप मेला तेही ती त्याच आवाजात सांगते ज्या आवाजात बस कुठल्या स्टॉपला आली ते सांगते. म्हणून गोष्ट उघडी पडते, झाकायला काही राहत नाही. मी एक तारा दिला आणि बोललो — हा बाप खोटा आहे, कावळा मार्कांसाठी आणलाय. एवढंच. त्यावर किती तुटून पडले माझ्यावर. एकीने लिहिलं, तुम्हाला वडील नव्हते का हो? होते. मेले तेही गिरणीच्याच खात्यात. कावळ्याशिवाय गेले.

काय म्हणता — त्याने फोन केला होता तुम्हाला? लिहिणाऱ्याने? शेरा काढा नाहीतर मी स्पर्धा सोडतो म्हणाला? आणि त्याचा आवाज अगदी बसला होता — नाही हो, रडला नसेल, सर्दी असेल, थंड पाणी बाधतं त्याला, लहानपणापासून…

अशा बघू नका. चहा घ्या.

नाव सांगू नका तुम्ही. निकाल लागला नाहीये, नियम मोडायचा नाही. मी तरी कुठे विचारलं? मला त्या पाट्यांशीच कळलं. ऐकलात ना तुम्ही तो भाग — बाप मुलाला शाळेत सोडायला निघतो, लालबागपासून परळपर्यंत दुकानांच्या पाट्या, आणि बाप प्रत्येक पाटीखाली थांबून विचारतो, हे काय लिहिलंय, वाच बघू. मुलगा वाचतो, बाप म्हणतो, शाबास. हे कोणाला माहीत? माझ्या एका पोराला आणि मला. त्याला वाटायचं बाप परीक्षा घेतो. बापाला कुठे येत होतं — मला वाटायचं, तो शिकतोय तसं माझंही होईल, चालता चालता. नाही झालं, ते राहू दे. पण पुढे फोनमधल्या बाईने काय वाचलं, की एक दिवस मुलगा मुद्दाम चुकीचं वाचतो. मिठाईच्या दुकानाला औषधांचं दुकान म्हणतो. आणि बाप म्हणतो, शाबास. त्या दिवशी मुलाला कळतं. आणि दुसऱ्या दिवसापासून तो सगळ्या पाट्या नीट वाचतो, आणखी मोठ्याने वाचतो, आणि कोणालाही सांगत नाही — बापालाही नाही.

मी बंद केला फोन. मोरीत जाऊन तोंड धुतलं. परत लावला. ताई, मला माहीतच नव्हतं. एवढी वर्षं मी समजत होतो की मी त्याला फसवलं, छान फसवलं. आणि तेवढंसं पोर माझी लाज सांभाळत चाललं होतं, दप्तर घेऊन.

आणि त्या भागाला तुमच्या लोकांनी काय शेरा दिला? पाट्यांचा भाग लांबला, काढला तरी चालेल. काढला तरी चालेल! अख्ख्या गोष्टीत तेवढंच खरं, आणि ते काढायचं, कावळा ठेवायचा.

आमच्यात कावळा नसतो, सुरुचीताई. पुण्यानुमोदन असतं. भंतेजी येतात, पांढरे कपडे घालून सगळे खाली बसतात, वंदना होते. मीराबाई गेली तेव्हा इथेच, तुम्ही बसलात तिथे, तो बसला होता. त्रिसरण, पंचशील सगळं त्यानेच म्हटलं, पुढे होऊन, खणखणीत — मागून आम्ही. ते लिहायचं होतं ना. पण ते लिहिलं की लोकांना कळतं, कुठला, कोणाचा. पाच तारे आले असते की नसते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. बोलू नका, असू द्या. तो आता माटुंग्याला राहतो, मी एकदा गेलो होतो, दाराला कुलूप होतं, पाटी बघून आलो. मला वाचता येत नाही, पण पाटीवर शब्द एक आहे की दोन ते दिसतं. एकच आहे. आडनाव नाही. तिथे मी काही बोललो नाही, पाटी त्याची, दार त्याचं. पण गोष्टीत मला मारलं आणि वर कावळा बसवला — तिथे बोलेन. तिथे तुम्हीच मला बोलायला बसवलंय, तारे हातात देऊन.

उशाशी नव्हता तो, हेही खोटंच. कारण मी मेलोच नाही अजून. इथे बसलोय, तुम्हाला चहा देतोय.

नाही, एक तारा म्हणजे राग नाही. वाढवा म्हणता? बरं, पाट्यांसाठी पाच, कावळ्यासाठी शून्य — असं देता येतं का तुमच्यात? नाही ना. मग एकच राहील.

तुमचा फोन काढा. त्याच शेऱ्याखाली आणखी एक लिहा, मी सांगतो तसं, माझ्या फोनला माझा आवाज आज नीट कळायचा नाही. लिहा — पाट्यांचा भाग काढू नकोस, कोणी काही म्हणो. कावळा काढ. बाप घरीच असतो.

आणि खाली नाव घाला. झाकलेलं नको. जगदीश, आणि पुढे आडनाव, पुरतं. नियमात बसत नाही? मग मला स्पर्धेतून काढा, नाव ठेवा.

लिहिलंत? वाचून दाखवा. नको, तुमच्या तोंडून नको, फोनमधली बाई वाचेल. या तुम्ही आता. जिन्यात वळणावर दिवा नाही, भिंतीला हात लावून उतरा.