तळाशी कागद नसलेली बादली

"हॅलो?… हॅलो?… हां, ताई, बोल. …नाही गं, झोपलेली कुठली. भिक्षा घालून आत्ताच आत आले. पाय पुसायचे राहिलेत अजून… हो, हो, ऐकतेय. बोल तू."

लमाईने फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून धरला आणि भाताचं रिकामं भांडं ओट्यावर पालथं घातलं. समुद्रावरचा वारा मागच्या नारळीतून घरात येत होता. थोरली बहीण बुन्मीताई सकाळी सातला फोन करते ती दोनच कारणांनी, कोणी गेलं तर किंवा लमाईचं काही चुकलं तर. आज गेलं कोणी नसावं. तसं असतं तर ताई आधी रडली असती.

"मोठ्यानं? अगं, हेच माझं मोठ्यानं. याहून वर माझा आवाज तू कधी ऐकलायस?… आईला हाक मारताना? तेव्हासुद्धा तूच मारायचीस माझ्या वाटची."

"…कोणी सांगितलं तुला?… तिकडे गावी, रोई-एतपर्यंत पोचली बातमी? बातमीला पाय असतात म्हणतात, हिला तर चाकं दिसतायत. …हो. खरं आहे. नाही केली मी सही. …अगं ऐक ना… ताई… ऐक तरी… बरं. तू बोल आधी."

तिने फोन कानापासून वीतभर लांब धरला, तेवढ्यात भांडं घासून घेतलं, आणि पुन्हा कानाला लावला.

"झालं?… दम लागला असेल, पाणी पी. …नाही, वेडी नाही झाले. उपासांनी डोकं नाही फिरलं. उपास आठवड्यातून एकदाच, तोही दुपारनंतरचा. …हो, माहीत आहे, असे गोरे फरंग दिवा घेऊन शोधले तरी मिळायचे नाहीत. तेच तर मी म्हणतेय. म्हणूनच नाही केली."

"कसं म्हणजे? सांगते की. तुला अर्धंच कळलंय. …हेनिंगदादा आणि बिर्गिटवहिनी माझ्यासाठी दुकान काढून देणार होते, एवढं ठाऊक आहे ना तुला? संघदानाच्या बादल्यांचं. …हो, त्याच, पिवळ्या. साबण-चहा-चीवर भरून भन्तेंना दान द्यायच्या. मी शेजारपाजारच्यांना भरून देते ना, ते वहिनींनी पाहिलं. म्हणाल्या, लमाई, तुझ्या बादलीतलं सगळं खरंच वापरता येतं, मग तू दुकानच का नाही काढत? …डेन्मार्कची बाई ती, तिला भन्तेंचं काय ठाऊक! पण तिला दिसलं. आपल्यातल्या कोणाला दिसलं नव्हतं."

एवढं बोलून लमाईने घासलेलं भांडं फळीवर ठेवलं. आठ वर्षांपूर्वी ती त्या दोघांच्या कपड्यांना इस्त्री करायला जाऊ लागली होती. मग तापाने ती फणफणली तेव्हा हेनिंग तिला दोन्ही हातांवर उचलून गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला, आणि सत्तरीचा तो म्हातारा चार दिवस बाकावर बसून राहिला. त्या दिवसापासून ती त्याला दादा म्हणू लागली. त्याच्या लांब नाकाला ते नाव शोभत नव्हतं, पण तोही त्याला ओ द्यायला लागला होता.

"हां, हां, आहे मी. …तर कायदा काय आहे, दुकानात फरंगाचा वाटा निम्म्याहून कमी हवा. निम्म्याहून जास्त आपल्या थाई माणसाचा. शंभरातले एक्कावन्न हिस्से माझे, एकोणपन्नास त्या दोघांचे. …बरोबर. पण माझ्या एक्कावन्नाचे पैसे कुठले? तेही तेच घालणार होते. आणि कागदावर मी लिहून द्यायचं की, ही रक्कम माझी स्वतःची. …हो, कागद करणारा माणूस म्हणाला की सगळे असंच करतात. साहेब काय विचारायला बसलेत का, म्हणाला."

"…ताई, रोज पहाटे बुद्धमूर्तीपुढे बसून मी म्हणते, मुसावादा वेरमणी. खोटं बोलणार नाही. आणि साडेनऊला जाऊन सही करू? …एक सही म्हणजे काय? एकच डास मारला म्हणतात तसंच ना हे?"

"…आधी का नाही सांगितलं! हं. ते मात्र माझं चुकलं. तिथे तू हवं तेवढं बोल, मी ऐकते."

आणि ती खरंच ऐकत राहिली. तीन महिने हेनिंग दुकानाचा नकाशा दाखवत होता, काचेचं दार कुठे, फळ्या कुठे, आणि लमाई मान डोलवत होती. उपकाराखाली असलेल्या माणसाने समोरच्याला नाही म्हणायचं नसतं, त्याचं मन राखायचं असतं, हे ती आईच्या मांडीवर शिकली होती. त्याला वाटलं, ती कबूल आहे. तिला वाटलं, तो आपणहून ओळखेल. आपल्या माणसाने ओळखलं असतं. पण जिथे माणसं पोटातलं टेबलावर मांडून मोकळी होतात, तिथला तो.

"हो, भीड भिकेची बहीण, आई म्हणायचीच. …तर तिथे कचेरीत काय झालं, पेन हातात दिलं आणि माझा हातच चालेना. लाकडासारखा. मग मी म्हटलं, जरा जाऊन येते. …अगं, हेच, लघवीला. आणि मागच्या दाराने बाहेर पडून मोटरसायकलवाल्याच्या पाठी बसून थेट घरी. …हसू नकोस! …हो, चप्पल तिथेच राहिली एक. दादांनी नंतर कुंपणावर आणून ठेवली, धुऊन."

"तीन दिवस दार उघडलं नाही मी. वहिनी येऊन हाका मारून गेल्या. मी आत भिंतीला टेकून बसलेली. कोणत्या तोंडाने समोर जाऊ? …काल गेले. दोन बादल्या घेऊन गेले. एक बाजारातून आणलेली, एक मी भरलेली."

लमाई बोलता बोलता कोपऱ्याकडे वळली. त्या दोन्ही बादल्या तिथेच होत्या. एकीचा चकचकीत पारदर्शक कागद फाडलेला, आणि आत वर्तमानपत्राचे चुरगळलेले बोळे.

"हो, बादल्याच. बोलता मला येत नाही, तुला माहीत आहे, आणि त्यांना आपली भाषा मोडकी-तोडकी. म्हणून त्यांच्यासमोर बाजारातली फोडली. वर साबण, चहाची पुडी, चीवराची घडी, छान मांडलेलं. घडी उलगडली, तर चीवर हे एवढं, भन्तेंच्या गुडघ्यापर्यंतसुद्धा पुरायचं नाही. आणि साबणाखाली नुसते कागदाचे बोळे. निम्मी बादली कागद! …मग मी माझी फोडली. तळापर्यंत वस्तू. आणि कचेरीतला तो बिनसहीचा कागद त्यांच्या टेबलावरच होता, तो या बाजारातल्या बादलीशेजारी ठेवला. म्हटलं, दादा, ही दोन्ही एकच. वर छान, खाली बोळे. अशा कागदावर उभं राहून मी तसल्या बादल्या कशा भरू?"

"…रागावले? नाही गं. दादांनी एक बोळा उचलला, मांडीवर सरळ केला, चष्मा लावून वाचायला लागले. …काय असणार त्यात! लॉटरीचा निकाल होता. …आकडा? ताई! मी जीव टांगणीला लावून बसले होते, मी आकडा बघू? …अगं, चार वर्षांपूर्वीचा होता तो. …परत लागत नाही तोच आकडा. …बरं, बघून ठेवते. शेवटचे दोन आकडे सांगते मग."

तिला स्वतःलाही हसू आलं. मोठं नाही, श्वासाएवढं.

"मग दादांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी रडत होत्या. मला म्हणाल्या, लमाई, आम्ही तुला खोटं बोलायला लावत होतो आणि वर म्हणत होतो की तुझं भलं करतोय. …हो, अस्सं म्हणाल्या. ताई, त्यांनी माझे हात धरले. मी खाली बसून नमस्कार करायला गेले तर त्याही खाली बसल्या, आणि मग त्यांना उठवेना, गुडघे धरले! दादांनी आणि मी मिळून उठवलं त्यांना."

"…ते सांगतेय ना. दादांनी विचारलं, तुझं स्वतःचं काय आहे? खरं खरं सांग. मी सांगितलं. डब्यातली शिल्लक, शिलाईचं मशीन, बस. ते म्हणाले, मग तेच एक्कावन्न. तुझे एक्कावन्न जेवढे असतील तेवढंच दुकान. आम्ही आमचे एकोणपन्नास त्याच मापाने घालू, एक बाटही जास्त नाही. …हो! दुकानच बारीक करून टाकलं त्यांनी, माझ्या मापाला. शर्ट आत घ्यावा तसं. काचेचं दार नाही, बाजारातला गाळा नाही. माझीच पुढची पडवी. नकाशा फाडला आणि त्याच्याच पाठीवर पडवी काढली."

"…छोटं आहे, हो. खूप छोटं. …वर्षावास तोंडावर आलाय, पावसाळाभर भन्ते विहारातच, सगळे चीवरच मागणार, आणि चीवरं घ्यायची तर घाऊक व्यापारी गठ्ठ्यानेच देतो. तेवढं नाही बसत त्यात. मेणबत्त्या, साबण, चहा, औषधं एवढंच ठेवेन यंदा. चीवराशिवायची बादली. लोक नाक मुरडतील, पण… पुढच्या वर्षी बघू. …नाही, दादा म्हणाले होते, उरलेले पैसे भेट म्हणून देतो. मी म्हटलं, भेट द्यायची तर वाढदिवसाला केक द्या. ती भेट म्हणजे परत बोळेच ना? …तुझ्याकडून उसने? नाही ताई. उसने घेतलेले माझे कसे होतील? तुझा मुलगा आत्ता कुठे सावरतोय."

"शुक्रवारी सही आहे. रविवारी ते दोघं विमानाने जाणार, दादांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे तिकडे. सहा महिने यायचे नाहीत. …जीव गुंतलाय त्यांचा, जायच्या आधी दुकानाची पाटी बघायचीय. …मी ठीक आहे गं. खरंच. अशी माणसं मिळाली हेच पुण्य माझं. दुकान छोटं, तर छोटं."

लमाईने ओटा पुसायला फडकं घेतलं.

"ताई?… हॅलो?… लाइन गेली वाटतं. …आहेस? मग बोलत का नाहीस? …रडतेयस? काय झालं? मी काही लागेल असं बोलले का? …कसली साखळी?"

लमाई हातातलं फडकं तसंच धरून ओट्याला टेकली.

"…आईची. हो, आठवते की. सोन्याची, दोन पदरी. पण ती तर आईच्या अंत्यविधीला विकली ना आपण? तूच… …नाही विकली?"

"…"

"…नऊ वर्षं?"

"…कुठे?… तांदळाच्या पिंपात."

बाहेर शेजाऱ्याचा कोंबडा आरवला, एकदा, दोनदा. लमाईने डोळे मिटले. आई भातलावणीला जाताना ती साखळी गळ्यातून काढायची आणि तांदळात खुपसायची. संध्याकाळी जेवायला बसायच्या आधी हात धुऊन परत घालायची. तेव्हा तिच्या गळ्याला तांदळाची पांढरी भुकटी लागलेली असायची.

"…माझ्यासाठी? आई असं म्हणाली होती? …धाकटीला दे म्हणाली. मग तू… …काय? थांब, हळू, मला कळत नाहीये, रडू नकोस. …विहाराला?"

आणि लमाई हसली. या खेपेला खरंच मोठ्याने. कुंपणापलीकडून जाणाऱ्या बाईने वळून पाहिलं.

"…हो. वाहिली असती. त्या वर्षी विहाराच्या कळसाला सोन्याचा पत्रा चढवत होते. मी दुसऱ्या दिवशीच नेऊन दिली असती. …नाही, बरोबरच केलंस. म्हणजे, खोटं बोललीस ते बरोबर नाही. पण ठेवलीस ते… …अगं, मी कुठे रागावलेय? सांगितलंस ना आज? कोणी विचारलंही नव्हतं तुला. नऊ वर्षं तुझ्याच घशात अडकली होती ती, माझ्या नाही."

"…अर्धी तुझी. …नाही म्हणजे? …बरं. बरं, बरं. पूर्ण माझी. मी वाद घालत नाही, तू मोठी आहेस. …हो, मोडावी लागेल. वाईट वाटतंय का तुला? …मलाही. पण बघ, तांदळात होती तेव्हा कोणाच्या अंगावर होती ती? आता भन्तेंच्या अंगावर जाईल. चीवर होऊन. घोट्यापर्यंत पुरणारं."

लमाईने ओले हात छातीशी जोडले, फोन खांद्यावरून घसरला, तो तिने कसाबसा पकडला.

"…हॅलो, हां, पडला होता. …काही नाही, आईला नमस्कार केला. तुलाही केला. …नाही गं, हसतेय मी. …दादांना सांगितलं ना, माझे एक्कावन्न वाढले, की त्यांनाही त्यांचे एकोणपन्नास वाढवावे लागणार. डोकं धरून बसतील बिचारे, पण आनंदाने."

"ऐक. पाठवू नकोस. तूच घेऊन ये. …रात्रीच्या बसने निघ, उद्या दुपारी इथे. …गुडघे? बिर्गिटवहिनींचेही दुखतात, दोघी बसा एकत्र. …हो, आंबवलेल्या माशांची बरणीही आण. वहिनींना वास सोसत नाही, नाक दाबून खातात, पण खातात. …पाटी तू लाव. तू मोठी. शुक्रवारी सहीलाही तू बसशील माझ्या शेजारी. मागच्या दाराकडे."

"…कशात आणशील ती? …बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात? चालेल. …वाजेल म्हणून कागद कोंबणार? नको, नको… ताई, कागद नको. नुसती ठेव. वाजली तर वाजू दे वाटभर. …हो. …हो. सांभाळून ये. ठेवते."