सेटचा सातवा अर्थ

दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी इंग्रजीचे एक निवृत्त मास्तर सपत्नीक आले होते. मास्तरांची नवी कवळी बोलताना शिट्टी वाजवत होती.

“उद्या नातीच्या वर्गात मी गाणार नाही. ‘स’ आला की शिट्टी वाजते.”

“अहो, पोरीनं वर्गभर सांगून ठेवलंय, माझे आजोबा शब्दांचे अर्थ गाऊन शिकवतात. इथेच ‘सेट’चे साती अर्थ म्हणून बघा.”

“इथे? लोक काय म्हणतील?”

“लोकांचे दात ठणकताहेत. म्हणा तुम्ही.”

“बरं. सूर्य मावळला, सेट. ऐकलीस शिट्टी?”

“ऐकली. कुकरपेक्षा गोड आहे. पुढे?”

“मोडलं हाड बसवलं, सेट. ओलं सिमेंट घट्ट झालं, सेट. गजर लावला, सेट. टेबल मांडलं, सेट. सहा कपबशा, एक सेट. आणि सातवा... सातवा...”

“हं?”

“गेला बघ! दात आले आणि डोकं गेलं. म्हणून म्हणतो, नको.”

“गाण्याला चाल लावली, सेट.”

“तुला कुणी शिकवलं?”

“तुमची शिकवणी बाहेरच्या खोलीत, मी आत चुलीपाशी. तीस वर्षं ऐकतेय. पोरं चुकायची, मी नाही.”

“मग कधी बोलली नाहीस ते?”

“तुम्ही कधी विचारलंत?”

“...उद्या येशील माझ्याबरोबर?”

“येणारच. शिट्टी तुमची, सातवा माझा. चला, पहिल्यापासून.”

“सूर्य मावळला...”

“सेट!” सुजल्या गालांनिशी आम्ही अख्खा बाक म्हणालो.