पांढऱ्या इअरफोनमधली शिट्टी

हॅलो?

हो, मीच… बोल. येतोय आवाज.

नाही गं, झोपलो कुठे. इअरफोन होता कानात, एकदम रिंग वाजली म्हणून दचकलो. त्या दिवसापासून असंच होतंय.

तुला नाही का सांगितलं? अगं, मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलो होतो ना. तुझ्या ताईचं रेकॉर्ड केलेलं वाचन तपासत होतो. तिनेच सांगितलं होतं, नुसता बसू नकोस, प्रकरण ऐकून ठेव. डॉक्टर समोर येऊन उभे राहिले. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, आणि कानात तुझी ताई वाचत होती. अगदी स्पष्ट. मी म्हटलं, जरा थांबा हं, एवढं वाक्य संपू दे…

हो. असं म्हटलं मी डॉक्टरांना.

असो. रडू नकोस. तू रडलीस की मला पुढचं बोलता येत नाही.

हो, मिळालं. तू वाचून पाठवलेलं पान कालच मिळालं. तेच ऐकतोय.

ऐक ना, नीट सांगतो. तुमचे आवाज जुळतात का बघायला तिन्ही इअरफोन काढले. निळा, काळा आणि तो पांढरा, मोबाईलच्या डब्यात फुकट आलेला. हो, तिन्ही स्वस्तातलेच. ती म्हणायची, अंधांच्या ग्रंथालयात आपलं पुस्तक ऐकणारी माणसं असलेच वापरतात, तर तपासायचंही असल्यातच. तुझा भाचा मला भारीतला पाठवतो म्हणत होता, मी नको म्हटलं.

आधी ताईचं पान लावलं, मग तुझं. आवाज तेवढाच ठेवून. निळ्यात नुसतं ढमढम. माणूस रांजणात तोंड घालून बोलतोय असं वाटतं. त्यात तुम्ही दोघी एकच. खरं सांगतो, अंगावर काटा आला. मी ‘ओ’ देणार होतो.

हसू नकोस… बरं, हस.

काळा बरा आहे. शब्द सुटे येतात. मागे फ्रीजची घरघरसुद्धा ऐकू आली. तुझ्याकडे फ्रीज बंद केला नव्हतास ना? ताई करायची. फ्रीज बंद, पंखा बंद, आणि आवाज घुमू नये म्हणून कपाटात गोधड्या टांगून मध्ये स्टूल. गोधड्यांना नाड्या मीच शिवून दिल्या होत्या. शिलाईच्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर उभं आणि मी इथे गोधड्यांना नाड्या लावतोय! तिला म्हटलं, लोक बायकोला साड्यांसाठी कपाट घेतात, तू स्वतःच त्यात जाऊन बसतेस.

हो, हो… काळ्यात पण चालून जातं. थोडा फरक कळतो, पण सर्दी झाली असेल म्हणून खपेल.

पांढऱ्यात नाही चालत.

अगं, तोच तर सगळ्यात वाईट. पातळ आवाज, पत्रा वाजल्यासारखा. त्यात ‘श’ आला की बारीक शिट्टी वाजते. मला वाटलं इअरफोनच बिघडला. म्हणून बातम्या लावून बघितल्या, तर शिट्टी नाही. तुझं पान लावलं, तरी नाही. फक्त ताईच्या आवाजात.

काय? लहानपणापासून?… पुढच्या दातांतल्या फटीमुळे?

तुम्ही तिला शिट्टी म्हणायचात?… शाळेतपण? मला कधी बोलली नाही गं. एवढा संसार केला, एका शब्दाने नाही बोलली.

ओठ दाबून?… म्हणजे मुद्दाम लपवायला शिकली होती? थांब… थांब जरा.

आहे गं, आहे मी. पाणी प्यायलो.

आता कळलं मला. पहिली प्रकरणं ऐकली ना, त्यात शिट्टी नाहीच. मधल्यांत कुठे कुठे. आणि शेवटी शेवटी प्रत्येक ‘श’ला वाजते. ओठ दाबायचं बळ उरलं नव्हतं. दमत होती ती. पुस्तकभर हळूहळू दमत गेलीये, आणि हा फुकटातला इअरफोन ते सगळं सांगतोय.

तुझा काय दोष? तू छान वाचलंस. पण इतकी दमलेली बाई प्रकरण बदलल्यावर एकदम ताजी कशी होईल? जोड लगेच कळेल.

तसं नको. मुद्दाम शिट्टी मारून वाचू म्हणतेस?… अगं काय करतेयस… थांब, थांब! अगं ही शिट्टी नाही, कुकर आहे!

…किती दिवसांनी हसलो.

नाही, नाही. अशी नको. ती चेष्टा होईल तिची.

नियम माहीत आहे मला. एक पुस्तक, एक आवाज. दुसऱ्याने शेवट वाचला तर ग्रंथालयवाले सगळं पुस्तक त्या दुसऱ्याकडून पहिल्यापासून वाचून घेतात. मग ताईचं वाचन पुसलं जाईल. म्हणूनच तर तुला गळ घातली ना मी. आवाज सारखा आहे, कुणाला कळणार नाही, असं मीच म्हणालो होतो.

पण ऐकणाऱ्यांच्या कानात हाच पांढरा असतो गं. आणि ते ग्रंथपाल, त्यांनाही दिसत नाही, मी दारात चप्पल काढली तरी ओळखतात, या मास्तर म्हणून. त्यांच्यापुढे ही चोरी टिकेल? आणि टिकली तरी… डोळे नाहीत म्हणून माणसाला फसवायचं? ताईने मला कपाटात कोंडलं असतं.

उद्या जातो. दोन्ही पानं ऐकवतो आणि सरळ सांगतो, हा बायकोचा आवाज, हा मेहुणीचा. शेवट मेहुणी वाचेल, तिच्या स्वतःच्या आवाजात. आधी तसं सांगून टाका लोकांना, पण हिचं पुसू नका.

नाही म्हणाले तर?… माहीत नाही. नाही म्हणू शकतात. नियम त्यांचा आहे. हात जोडेन, दुसरं काय.

ऐक ना, वाचायला येशील ना पण? ते हो म्हणाले तर?… हो, फ्रीज मी बंद करतो.

पुस्तकातला खून कोणी केला? मला काय माहीत! शेवटच्याच प्रकरणात आहे ते. नाही गं, पुस्तक घरातच आहे, पण ती वाचायच्या आधी पान उलटायचं नाही असं आमचं ठरलेलं. तपासणाऱ्याने आधी वाचलं तर चुका कानातून सुटतात, असं तिचं म्हणणं. मग मी रोज विचारायचो, तो माळी का गं? नुसती हसायची. तिला माहीत होतं सगळं.

नाही, वाचलंस की तूही मला फोनवर सांगू नकोस. नको म्हणतो ना.

जेवलो… जेवतो. हो, आत्ता. पाहुण्यांना नमस्कार सांग.

आता? आता काय, पुस्तक तसंच आहे कपाटात, स्टूलवर. शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलंय.

ठेवतो.