आजींच्या दारापासून लिफ्टपर्यंत

मुलांनो, समजा, सण संपलाय आणि तुम्ही लिफ्टच्या रांगेत उभे आहात. चिंगी तशीच उभी होती. पुढे सोसायटीचे सेक्रेटरी वॉचमनकाकांवर चिडले होते.

"सगळ्यांची रोषणाई उतरली. तिसऱ्या मजल्यावरची माळ अजून का लटकतेय?"

"साहेब, तिथल्या आजींना नुसता उजेड कळतो, बाकी काही दिसत नाही."

"मग?"

"माळ दारापासून लिफ्टपर्यंत आहे. त्या उजेडामागे आजी एकट्या येतात. कुणाचा हात लागत नाही!"

"एकट्या? काय सांगता!"

"काल म्हणाल्या, चार वर्षांनी मोकळा वारा लागला रे."

"पण काका, एकाला सूट दिली की सगळे माझ्या डोक्यावर बसतील."

"टक्कल आहे साहेब, घसरतील."

"…राहू दे ती माळ. खाली फाटकापर्यंत अजून एक लावा."

चिंगी रांग सोडून जिन्याने तिसऱ्या मजल्यावर धावली. माळेखाली तिनं डोळे मिटले आणि पापण्यांतून झिरपणाऱ्या उजेडामागे हळूच पाऊल टाकलं.