चिमूटभर शिसं

मुख्तार : त्या डेगीले हात नको लावू, अतिया, तापली हाय. अन् सवाल टाळू नको. कॉलेज सोडून उमरखेडले काहून आली?

अतिया : सोडलं नाही, अब्बू. संशोधनाचा विषय बदलतेय. तुमच्यासमोर सांगावं म्हणून आले.

मुख्तार : इतकी वर्सं खपून? ते मातीची चकती काय झाली?

अतिया : टिकत नाही. मी भट्टीत भाजून काढते, मग ती वीज साठवते, अन् बॅटरीसारखी हळूहळू नाही, क्षणात सारी सोडते. अशा चांगल्या चकत्या आजवर शिशाच्याच. मी बिनशिशाची करत होते. त्यात लँथॅनम म्हणून एक द्रव्य चिमूटभर मिसळते. मग घेतलेली वीज वाया न जाता परत मिळते. पण विजेचा दाब वाढवला की तडकते मेली. सर म्हणतात, हट्ट सोड, शिशाकडे वळ.

मुख्तार : मंग वळ ना! रडतं कायले? इकडं ये, जवळ. हे तुह्या अम्मीलेबी सांगतलं नाई मी.

अतिया : काय?

मुख्तार : उस्तादनं माह्या कानात सांगतलेलं हुन्नर. निव्वळ कथील भांड्यावर धावत नाई. चिमूटभर शिसं टाकलं का आरशावानी पसरते. माह्यावानी कल्हई गावात कोणाची नाई, ते त्याच्यानं. पोरगा नाई मले. हे तुले देतो.

अतिया : घरच्या भांड्यांनाही तेच लावता?

मुख्तार : घरच्याले तर आधी! तुह्या अम्मीचं पातेलं पाय, चेहरा दिसते त्यात.

अतिया : त्याच पातेल्यात ती रोज चिंचेचं सार करते.

मुख्तार : करते. चमक गेली का मी पुन्हा मारून देतो.

अतिया : चमक जाते कुठं, अब्बू?

मुख्तार : घासण्यात जाते.

अतिया : आंबटात उतरते. सारातून पोटात जाते. शिसं हाडांत जाऊन बसतं. अम्मीच्या पोटात कळा येतात, हातातून सुई पडते... डॉक्टरला कारण सापडत नव्हतं.

मुख्तार : चिमूटभर, बेटा. चिमटीनं काय होते?

अतिया : माझी अख्खी चकती चिमटीनंच बदलते, अब्बू.

(भात्याचा आवाज थांबतो.)

मुख्तार : पक्कं हाय हे?

अतिया : अम्मीचं रक्त तपासल्यावर तिचं कळेल. पण शिसं विष आहे, हे पक्कं. म्हणून तर जग ते सोडायला निघालंय. अन् मी धरायला निघाले होते.

मुख्तार : या डेगी अफरोजच्या लग्नाच्या जेवणाच्या, वलीम्याच्या हायेत. सारी गल्ली जेवन उद्या.

अतिया : लावलं का?

मुख्तार : एकीले लावलं.

अतिया : मग ओली करून खरवडू, धूळ उडायला नको. द्या, मी धरते.

मुख्तार : तू दूर बस. शिसं हाय त्यात.

अतिया : अब्बू...

मुख्तार : सरले काय सांगशील आता?

अतिया : जुनाच विषय. लँथॅनम थोडं कमी करून पाहते. तडकेल, पुन्हा करेन.

मुख्तार : हौ. कर. आत तुही अम्मी सार करून राह्यली. जा, पातेलं उतरव.

अतिया : काय सांगू तिला?

मुख्तार : तू काई नको सांगू. मी येतो. कल्हई मी लावलती.