ये हं

नाही नाही, त्या खुर्चीवर नको मॅडम — तिची स्प्रिंग वर आलीय, बसणाऱ्याकडून सगळे गुन्हे कबूल करून घेते. या स्टुलावर बसा. हां, तर काय विचारत होतात — बाळ जायच्या आधी आम्हाला काही जाणवलं होतं का? आई-बापांना आधीच कुणकुण लागते का, यावर तुमचं संशोधन — करा की! माणूस बरा सापडला तुम्हाला. मला तर सगळं जाणवलं होतं. आदल्या दिवशी हा सोफा, हाच, मी गादी भरत होतो तर हुंदका देऊन रडला — हवा निघाल्याचा आवाज नव्हे, हुंदका! उभा जन्म सोफे दुरुस्त करण्यात गेला, मला फरक कळत नाही होय? मग ही कात्री. मिटून ठेवलेली, आपली आपण उघडली. शेजारचे मास्तर म्हणतात मी थापाड्या — आहेच, पण या दोन खऱ्या. हसा, हसा. रेकॉर्डर चालू आहे ना तुमचा?

पैलवान म्हणायचो मी त्याला. एवढासा जीव, पण मूठ अशी आवळायचा की माझं बोट सुटायचं नाही. उशिराचं मूल — लोक आम्हाला आजी-आजोबाच समजायचे. ताप नाही, खोकला नाही, दुपारी दूध पिऊन झोपला तो झोपलाच. डॉक्टर म्हणाले, कारण सापडत नाही, कुणाची चूक नाही. कुणाची चूक नाही — मी हिला रोज सांगतो, चहासारखं, सकाळ-संध्याकाळ.

हिला? छे, हिला काहीसुद्धा जाणवलं नव्हतं. विचारूच नका तिला, आत भांडी घासतेय ती. माझंच घ्या सगळं — अजून हवं तर आरशाची एक गंमत आहे — म्हणजे झोपवताना ती काहीतरी बोलली, पण ते काय, आया बोलतातच. पाळण्यात ठेवलं, पांघरूण सारखं केलं आणि म्हणाली, 'ये हं.' एवढंच. घरातून निघालेल्या माणसाला म्हणतो ना आपण, तसं. मी दारात, हातात सुई-दोरा. म्हटलं, कुठं निघालेत साहेब, कचेरीत? डबा दिलास का? ती हसली नाही. 'माझ्या तोंडून कसं गेलं हो हे,' म्हणाली. पाळण्यापाशी उभीच राहिली, हात आत घातला, परत काढून घेतला — आत्ताच डोळा लागला होता ना त्याचा.

आता येता-जाता विचारते, 'मीच पाठवलं का हो त्याला?' तुमच्या कागदावर 'आईला आधी कळलं होतं' असं आलं, की संपलंच मॅडम. कळलं होतं तर उचललं का नाही — मग कोण समजावणार तिला? म्हणून म्हणतो, सोफा लिहा. कात्री लिहा. सोफ्याचं कुणी खरं मानणार नाही, आणि तिचंही जाऊन बसेल त्याच्याच शेजारी — थापाड्याच्या घरातली आणखी एक थाप. येतंय ना लक्षात?

थांबा. नळाचा आवाज — केव्हापासून बंद आहे हो नळ?

— अगं काही नाही, मॅडम निघाल्याच आहेत!

बंद करा तो रेकॉर्डर. ही तुमची पिशवी. नाही — 'येते' नका म्हणू. या घरात नको. नुसतं जा.