रुमालाखालचा भाव

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. दिसायला साधा, पण घरी न्याल तर उशाशी बसेल! माणूस भाव करतो, तेव्हा कमी काय करतो? किंमत — की समोरच्याला?

हसू नका! पहिल्या रांगेतल्या मावशी, सकाळी मेथीच्या जुडीवरून सगळी आळी जागी केलीत, मी ओट्यावरून ऐकत होतो! राहू द्या. उत्तर मी देणार नाही. उत्तर एका रुमालात बांधलेलं आहे. गाठ सोडतो — ऐका!

माणदेशातल्या वाकळवाडीत येदूनाना खटकाळे नावाचे गृहस्थ. धंदा बैलबाजारातली दलाली. चाळीस वर्षं या दावणीचा बैल त्या दावणीला नेला. आणि बैलाचा सौदा कसा होतो, ठाऊक आहे ना? तोंडानं नाही, हातानं! दोन माणसं समोरासमोर बसतात, हातावर रुमाल टाकतात आणि आत बोटं धरतात. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच. त्या एकाचा अर्थ शंभर, हजार की दहा हजार? ते जनावर बघून दोघांनी समजायचं! बाहेर बाजार ओरडतोय, धूळ उडतेय — आत दोन हात गुपचूप बोलतायत!

*बैलबाजारी गर्दीत, हात हाताशी बोलतो*
*रुमालाच्या सावलीला, कोण कुणाला तोलतो!*

तर नानांची एकुलती लेक शेवंता घाटावरच्या वाडीत दिलेली. तिला सातवा लागला. पहिलं बाळंतपण! माहेरी आणायची. नाना गेले न्यायला, तर तिचे सासरे केरबाअण्णा ओसरीवर उभे. माणूस चांगला हो, पण आवाज असा, की गोफणीशिवाय पाखरं उडावीत!

"इवाई! सुनंला एसटीत धाडायचो न्हाई मी! घाटात हाडं खिळखिळी हुत्यात. गाडी आणा, न्हाईतर बाळंतपण हितंच!"

नाना म्हणाले, "पाडव्याला गाडी घिऊन येतो!"

म्हणाले खरं! घरी आल्यावर गोजराबाई, नानांची गृहस्वामिनी, कमरेवर हात. "अवो, गाडी म्हंजे काय कोंबडी हाय व्हय, बगलंत मारून आणायला?" पण माउलीच ती. रात्रंदिवस तोंडात एकच ओवी —

*लेक येते माहेराला, वाट पाहतो उंबरा*
*तिच्या पोटीच्या फुलाला, नको झोंबू देऊ वारा!*

गुढीपाडवा उजाडला! तालुक्याला प्रभंजनशेठ कारंड्यांचं गाड्यांचं दुकान. दारात तोरण, आत पेढे, आणि गिऱ्हाईक इतकं की आपल्या मंडपात नाही! नाना आले पटका बांधून, गोजराबाई आल्या हळदीकुंकवाचं ताट घेऊन. आणि मागनं कोण? केरबाअण्णा! "बगू तरी, इवाई कसली गाडी घेत्यात!"

नानांनी एक पांढरी छोटी गाडी हेरली. मग काय केलं? बैलाला करतात तेच! भोवती फेरी मारली. पाठीवर थाप टाकली. पुढं जाऊन टोपण उघडायला लावलं — दात बघायला! आणि विकणाऱ्या पोरीला विचारलं,

"बाई, हिची खोड काय?"

"आजोबा, नवीकोरी आहे, खोड कसली?"

"नव्या खोंडालाच लई खोडी असत्यात! बसकी तर न्हाई? घाटात बसायची मधीच!"

सगळं दुकान हसलं! हसा, तुम्हीही हसा. पण नानांच्या काळजात काय होतं, ते त्या हशात कुणाला दिसलं नाही. सगळं मिळून किंमत होती सहा लाख चाळीस हजार. नानांच्या पिशवीत होते सहा लाख. एक रुपया जास्त नाही. आणि शेजारी व्याही उभा! आता तोंडानं म्हणायचं, "माझ्याकडं कमी आहेत"? अहो, लेकीच्या बापाची जीभ टाळूला चिकटते तिथं!

शेठची अडचण निराळी. मोठ्यानं म्हणत होते, "सगळ्यांना एकच भाव! पाडवा आहे, घासाघीस नाही!" बरोबरच की! एकाला सोडले, तर पंचवीस जण रांग लावतील!

मग नानांनी पटका सोडला. टाळू उघडी पडली, पण त्यांना भान नाही. पटक्याचं टोक हातावर पसरलं आणि म्हणाले,

"शेठ, हात द्या."

शेठ गोंधळले. वय पस्तीस, कधी बैलबाजार पाहिलेला नाही! पण समोरच्या डोळ्यांत काय दिसलं कोण जाणे — दिला हात. नानांनी आत चार बोटं धरली. शेठनी क्षणभर विचार केला आणि उजळून म्हणाले,

"एवढंच ना? दिले!"

झाला सौदा! गोजराबाईंनी चाकावर पाणी घातलं, टपाला कुंकू लावलं, भाकरीचा तुकडाही पुढं धरला — सवय हो! नानांनी घरून आणलेलं नवं दावं आरशाला बांधलं. बैल विकणारा आपलं दावं काढून घेतो, घेणाऱ्यानं स्वतःचं बांधायचं, अशी रीत!

आणि मग, मंडळी, कागद करताना शेठ थबकले! त्यांना चार बोटं म्हणजे वाटली होती चार हजार. पिशवीतून निघाले सहाच लाख. चेहरा उतरला. नानांची चार बोटं म्हणजे चाळीस हजार! तोंड उघडलं... आणि बाजूला केरबाअण्णा मान उंच करून उभे. शेठनी नानांकडं पाहिलं, व्याह्याकडं पाहिलं — आणि तोंड मिटलं.

मिटलं, मंडळी! एक शब्द बोलले असते, तर पैसे वाचले असते, पण म्हातारा उघडा पडला असता.

पण नाना चाळीस वर्षं मुक्या जनावरांचे डोळे वाचणारे! त्यांना कळलं. दिलेला शब्द पकडून गप्प बसले असते, तर गाडी त्यांचीच होती. काय केलं त्यांनी? पटका पुन्हा पसरला.

"शेठ, हात द्या. एक गोष्ट राहिली."

आत दोन हात बराच वेळ बोलत राहिले. एक बोट सुटे, दुसरं धरलं जाई. बाहेर केरबाअण्णांना चैन नाही. "किती? अवो, किती सोडलं? मला बी टेम्पो घ्यायचाय!"

दोघं एकदम म्हणाले, "ठरलं तेवढं!"

शेठचे डोळे भरले होते आणि नाना खळखळून हसत होते. कोण सुटलं, कुणी सोडलं? कुणी म्हणतं, शेठनी सगळे सोडले. कुणी म्हणतं, नानांच्या कानातली सोन्याची बाळी त्या पाडव्यानंतर दिसली नाही. मी स्वतः विचारलं! नानांनी पटका झटकून दाखवला — रिकामा!

शेवंता त्याच दिवशी घाट उतरली. आरशाला दावं डुलत होतं. आषाढात मुलगी झाली. बारशाला केरबाअण्णा आले, आणि काय नवल सांगू — आवाज नाही! नानांना कोपऱ्यात नेलं, स्वतःचं उपरणं पसरलं आणि आत दोन बोटं धरली. दोन महिन्यांनी सूनबाई धाडता का? नानांनी तीन धरली. अण्णांनी पुन्हा दोन. नानांनी पुन्हा तीन! शेवटी पाळण्यातल्या नातीनं भोकाड पसरलं आणि सौदा तीनवर ठरला!

मावशी, आता बोला! उद्या मेथीवाली येईल. दोन रुपये कमी करा, जरूर करा. पण तिची गरज आळीला ऐकू जाऊ देऊ नका. आणि वर तो बसलाय ना, त्याच्याशी आपला रोजचा सौदा चालतो. आपल्या पिशवीत किती कमी पडतंय, त्याला पक्कं ठाऊक आहे. आजवर त्यानं कधी व्याह्यासमोर सांगितलं? आभाळाएवढा रुमाल पसरून ठेवलाय त्यानं, आणि आत आपला हात घट्ट धरलाय!

*उघडे गा माझे उणे, तूच झाकिले श्रीहरी*
*तुझ्या पांघरुणाचा कोना, दे मी घालीन दुजावरी!*

चला, शेजाऱ्याचा हात धरा. हं, आकडा विचारू नका — नुसता धरा!